बुडालेल्या गावावरचे बोये

नेवासा तालुक्यातला माणूस समुद्रावर नोकरीला होता म्हटलं, की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हंजी जहाज चालवत हुते का तुमी?" मी सांगतो, जहाज कधी चालवलं नाही. जहाज चालवणाऱ्यांना वाट कळावी म्हणून पाण्यात ज्या खुणा ठेवतात, त्या ठेवायचं आणि सांभाळायचं काम मी केलं. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. ज्यांना वेळ असतो त्यांना मी बोया समजावून सांगतो, आणि सांगताना मला वेळेचं भान राहत नाही, असं घरचे म्हणतात.

बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारं लोखंडी पिंप. काही बोये आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीएवढे असतात. खाली जाड साखळी आणि साखळीच्या टोकाला तळाच्या गाळात रुतलेला काँक्रीटचा ठोकळा. समुद्र वरून सगळीकडे सारखाच दिसतो. खाली कुठे खडक आहे, कुठे वाळू साचली आहे, कुठे जुनं गलबत पडलं आहे, ते बोया सांगतो. समुद्राकडून बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या हाताला, आणि मधून यायचं. बाहेर पडताना अर्थातच उलट. लाल बोया डोक्याला सपाट असतो आणि हिरव्याला टोक असतं. उन्हाच्या तिरिपेत रंग ओळखू आला नाही तरी आकार ओळखू येतो. पिवळा-काळा बोया दिसला, तर त्याच्या डोक्यावरचे दोन त्रिकोण सांगतात की चांगलं पाणी कुठल्या दिशेला आहे. आणि काळ्या अंगावर तांबडा पट्टा, वर एकावर एक दोन काळे गोळे असले, तर धोका बरोबर त्याच जागी आहे, आजूबाजूला पाणी मोकळं.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या बोटीवरच्या तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, मला विचारलं होतं, "पोहायला कुठे शिकलास?" मी म्हणालो, "विहिरीत." सगळी बोट हसली. पण वर्षभरात मी त्या बोटीवर कुणाच्या मागे राहिलो नाही. बोया वर उचलला की त्याच्या बुडाला शिंपल्यांचा वीतभर थर असायचा. तो फावड्याने खरवडायचा. त्याचा वास अंगाला लागला की साबणाने जात नसे. साखळीची कडी न् कडी तपासायची, झिजलेली बदलायची, गंज काढून रंग द्यायचा, दिवा लावून बघायचा आणि बोया परत होता तिथेच सोडायचा. होता तिथेच, हे महत्त्वाचं. जागा चुकलेला बोया नसलेल्या बोयापेक्षा वाईट, असं तांडेल म्हणायचा. काम संपल्यावर दूरदेशीचं मोठं जहाज आमच्या बोयांच्या मधून सरळ निघून जाई. जहाजावरचं कुणी आमच्याकडे बघतही नसे. आम्ही मात्र हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत उभे राहायचो. नोकरी संपेपर्यंत माझी ही सवय गेली नाही.

निवृत्त होऊन मी गावी आलो. गावी म्हणजे नव्या गावठाणात. आमचं मूळ गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं तेव्हा मी शाळेत होतो. माझ्यापेक्षा मोठी बहीण, आमची आक्का, तेव्हा लग्नाच्या वयाची होती. तिला गावातच दिली होती, त्यामुळे ती कधी या काठावरून हलली नाही. आता तिचे गुडघे दुखतात, पण जीभ अजिबात दुखत नाही. मी आल्या दिवशी तिने मला विचारलं, "आला का समुद्र रिकामा करून?"

आमच्या काठावरून पलीकडच्या काठाला सडकेने जायचं तर पुलाला मोठा वळसा पडतो. म्हणून भावकीतला एक पुतण्या इंजिनाची पत्र्याची होडी चालवतो. दुधाच्या किटल्या, शाळेचे मास्तर, खुरपायला जाणाऱ्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्याच होडीतून जातं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं, तेव्हा काही चिंता नसते. उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठावरच्या उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात, आणि होडीच्या खाली काय येईल ते सांगता येत नाही.

त्या उन्हाळ्यात आक्काच्या नातीच्या मुलीचं बारसं पलीकडच्या काठाला होतं. होडीत आम्ही दोघं होतो, चार-पाच बाया होत्या, कुंच्या-झबल्यांची पिशवी आणि लाडवांचा डबा होता. काठ बराच मागे राहिला होता. एकदम खालून कर्रकन आवाज आला, होडी थांबली आणि एका अंगाला कलली. बाया ओरडल्या. पत्र्याची शिवण उसवून पाणी आत यायला लागलं. पुतण्याने इंजिन बंद केलं आणि होडी उचलून धरायला म्हणून पाण्यात उडी टाकली.

आणि तो उभा राहिला. धरणाच्या मध्यावर, गुडघाभर पाण्यात.

"काका," तो म्हणाला, "हितं तर उभं ऱ्हाता येतंय."

बायांना हसावं की रडावं कळेना. आक्काने मात्र लुगड्याचा ओचा खोचला, माझ्या खांद्याला धरून खाली उतरली आणि पायाने चाचपायला लागली. घडीव दगड होते. एका दगडावर तिचा पाय थांबला. तिथे दोराने घासून पडलेली खाच होती.

"ही आपल्या मळ्यातली हीर हाय," ती म्हणाली. मग जोरात ओरडली, "कुनी त्या अंगाला पाय टाकू नका! तिकडं आत सहा पुरुस खोल हाय. हिकडं माज्या मागं या, हिकडं थारोळ्याची फरशी हाय!"

तिच्या मागे एकेक बाई खाली उतरली. धरणाच्या मधोमध, आमच्या वडिलांच्या विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी जिथे पडायचं त्या फरशीवर, आम्ही सगळे रांगेने उभे राहिलो. आक्काने लाडवांचा डबा डोक्यावर घेतला होता. मासेमारी करणाऱ्यांनी आम्हाला पाहिलं आणि ते दोन होड्या घेऊन आले. कुणाला खरचटलंही नाही. बारशाला आम्ही ओल्या कपड्यांनी पोचलो, आणि बाळापेक्षा विहिरीचीच चर्चा जास्त झाली.

परत आल्यावर आक्का माझ्या ओसरीवर बसली. मी तिला चहा दिला. तिने बशीत ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "तू येवढी वर्सं सरकारच्या बोटीवर काय झोपा काडल्या का?"

"का गं?"

"मंग लाव की त्या तुज्या पिपाड्या हितं. खाली आख्खं गाव हाय. आज हीर लागली, उद्या मारुतीचा पार लागंल."

मला त्या क्षणापर्यंत हे सुचलं नव्हतं. मी ज्या बोयांवर काम केलं, त्यांच्या जागा साहेब लोकांनी नकाशावर ठरवलेल्या असायच्या. आम्ही नेऊन ठेवायचो. कोरी वाट स्वतः आखायची, हे माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. रात्री मला झोप आली नाही, आणि ती काळजीने नव्हे.

आधी तळ पाहायला हवा होता. होडी दुरुस्त झाल्यावर पुतण्या, आक्का आणि मी रोज सकाळी वारा पडलेला असताना पाण्यावर जायला लागलो. माझ्या हातात लांब बांबू आणि दगड बांधलेला दोर. आक्का पुढे पाय पसरून बसायची. पाण्याकडे ती बघतच नसे. ती बघायची काठाकडे.

"त्यो डोंगराचा खांदा आन् त्यो वड एकामागं एक दिसाया लागले का हीर आली म्हनायची," ती सांगायची. "म्या हितं मोटंवर बसून तेच तर बगायची."

समुद्रावर आम्ही याला रांग म्हणायचो. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की आपण कुठल्या रेषेवर आहोत ते पक्कं कळतं. बंदरात त्यासाठी दोन मनोरे मुद्दाम बांधतात. मी हे आक्काला सांगितलं, तर ती म्हणाली, "बांदायची काय गरज? डोंगर हायेच की."

तिचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. मारुतीच्या पारापायी तिने आम्हाला दोन सकाळी हेलपाटे घालायला लावले. बांबू टाकावा तिथे नुसता गाळ. ती हट्टाला पेटली, पुतण्या वैतागला. शेवटी माझ्या ध्यानात आलं की ती ज्या वडावरून रेष धरत होती तो वड जुना नव्हताच, जुना पडल्यावर त्याच्या शेजारी नवा वाढलेला होता. थोडं सरकून बांबू टाकला आणि खट्ट आवाज आला. आक्का म्हणाली, "वड चुकला, म्या न्हाई."

असं करत आम्ही विहीर, पार, चावडीची भिंत आणि चिंचेचं मोठं खोड शोधलं. भिंत आणि खोड यांच्यामध्ये खोल पाण्याची चांगली पट्टी होती. आक्का म्हणाली, ती जुनी गाडीवाट. गाव होतं तेव्हा बैलगाड्या जिथून जायच्या तिथूनच आता होडी न्यायची, असं ठरलं.

बोये करायला सोनईच्या बाजारातून निळी प्लास्टिकची पिंपं आणली. प्लास्टिकवर रंग टिकेना, पोपडे निघायला लागले. नेवाशाच्या रंगाच्या दुकानदाराने गाड्यांच्या बंपरला मारतात तो प्रायमर दिला, मग रंग धरला. लाल पिंपं सपाटच होती. हिरव्यांना टोक हवं म्हणून पत्र्याचं काम करणाऱ्याकडून मोठी नरसाळी करून घेतली आणि उलटी बसवली. विहिरीसाठी काळ्या-तांबड्या पिंपावर गज उभा केला आणि त्याला पाण्याच्या टाकीच्या कॉकला असतात ते दोन गोळे काळे रंगवून लावले. ठोकळे म्हणून जुन्या टायरमध्ये काँक्रीट ओतलं. अंधारात चमकावं म्हणून उसाच्या ट्रॉलीला मागे लावतात ते रेडियम चारी बाजूंनी चिकटवलं. पाटबंधारे खात्याच्या साहेबांकडे रीतसर जाऊन विचारलं. ते स्वतः होडीत बसून आले, सगळं बघून गेले आणि परवानगी दिली. धरणाची पातळी बदलणार असली की ते अजूनही फोन करून सांगतात. त्याचा मला फार उपयोग होतो. समुद्राला रोज दोनदा भरती-ओहोटी. आमच्या धरणाला ती वर्षातून एकदाच, पण ती कित्येक पुरुष उंचीची. पाणी उतरेल तसा दोर आखडावा लागतो, नाहीतर बोया आपल्या जागेपासून लांब भटकतो.

एका गोष्टीवर मात्र भांडण झालं. लाल डाव्या हाताला ठेवायचा तो "आत येताना", असं मी सांगत होतो. पलीकडच्या काठावरचा एक म्हातारा चिडला. "तुमच्या गावाकडं आलं म्हंजी आत, आन् आमच्या गावाकडं आलं म्हंजी भाईर? आमी काय वाऱ्यावर ऱ्हातो का?" लोक हसले, पण त्याचा मुद्दा खरा होता. समुद्रावर बंदर आत आणि समुद्र बाहेर, त्यात शंका नसते. इथे दोन्हीकडे लोकांची घरं. मी त्याला सांगितलं की जगात जिथे असा पेच पडतो तिथे एक दिशा ठरवून टाकतात आणि सगळे ती पाळतात. आपण गोदावरी ठरवू. ती जिकडून येते तिकडे, तिच्या वरच्या अंगाला, होडीचं तोंड असलं की लाल डावीकडे. आमचा काठ वरच्या अंगाला होता एवढंच. गंगामाईने ठरवलं म्हटल्यावर म्हातारा शांत झाला. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात.

बोये पाण्यात सोडले त्या दिवशी काठावर जत्रेसारखी माणसं जमली होती. एकेक टायर खाली गेला, दोर ताणला आणि पिंप डुलत सरळ उभं राहिलं. मी आयुष्यात कितीतरी बोये सोडले असतील. पण इथे प्रत्येक गाठ मी दोनदा ओढून पाहिली. शेवटचा, विहिरीवरचा, आक्काने आपल्या हाताने लोटला. त्याला तिने आधी हळदकुंकू लावलं होतं. रंगाच्या नियमात ते बसत नाही, पण मी ते पुसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एक हिरवा गायब झाला. पुतण्या म्हणाला, दोर तुटला असेल. मी दोराचं टोक पाहिलं. ते कापलेलं होतं. आक्काने काठी घेतली आणि काठाच्या वस्त्यांवरून फिरून आली. एका घरापुढे नवं पिंप पाण्याने भरून ठेवलेलं होतं, त्यावर हिरवा रंग तसाच होता. घरातली सून घाबरली. आक्काने तिला विचारलं, "तुजा नवरा कुटं कामाला जातो?"

"पल्याडच्या काठाला. होडीनं."

"मंग तुजा नवरा ज्या वाटंनं घरी येतो, त्या वाटंवरचा खुनंचा दगुड तू उचलून आनलाय बग."

संध्याकाळी नवरा स्वतः पिंप खांद्यावर घेऊन आला. त्याने ते आतून-बाहेरून घासून धुतलं होतं. तेव्हापासून एकही पिंप हललेलं नाही. उलट त्या बाजूने वाहून आलेल्या बाभळीच्या फांद्या दोरात अडकल्या, तर तोच काढून टाकतो.

हळूहळू लोकांच्या बोलण्यात ते आलं. दुधाच्या किटल्यांवाला रस्ता सांगताना "चावडीच्या लालवरून वळ" म्हणायला लागला. मास्तरांनी शाळेत चित्रं काढून घेतली. पुतण्या, ज्याने सुरुवातीला "पिपाडं बगून कुनी होडी हाकतं का" असं म्हटलं होतं, तो हिवाळ्यातल्या धुक्यात इंजिन हळू करून पहिलं लाल दिसेपर्यंत पुढे जात नाही. काठावर उभं राहून मला ते ऐकू येतं, इंजिनाचा आवाज कमी होतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा वाढतो. वाढला की समजायचं, लाल सापडला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. मी दोर तपासायला होडीत होतो. आक्काही होती, ती कारण नसतानाही येते. पलीकडून परतताना एक तरुण मुलगी होडीत चढली. सोनईजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, मावशीकडे सडकेने आली होती, आता होडीने घरी निघाली होती. पाठीला सॅक. पुढे जाऊन बसली. पहिलं हिरवं टोक दिसलं आणि ती उठून उभी राहिली.

"हे कुणी लावलं?" तिने पुतण्याला विचारलं. त्याने माझ्याकडे हनुवटी केली.

ती माझ्याकडे वळली. "काका, हे खरे बोये आहेत. म्हणजे, नियमातले आहेत!"

ती मालवाहू जहाजावर कॅडेट होती, शिकाऊ अधिकारी. सुट्टीवर आली होती. तिच्या तोंडून "नियमातले" हा शब्द ऐकून माझी छाती केवढी फुगली ते मी सांगत नाही.

आक्काने तिची परीक्षाच घेतली. "ह्यो लाल कुटं ठेवायचा?"

"वरच्या अंगाला जातोय ना आपण? मग डाव्या हाताला."

"आन् त्यो काळा, तांबड्या पट्ट्याचा, दोन गोळ्यांचा?"

"त्याच्या खालीच धोका आहे आजी. त्याला हात लावायचा नाही, कुठल्याही बाजूने लांबून जायचं."

"खाली काय हाय?"

मुलगी हसली. "ते कसं कळणार मला?"

"माज्या बापाची हीर हाय," आक्का म्हणाली. "तेवडं तुज्या पुस्तकात घालून घे."

मुलीने पुतण्याला विचारलं, "मी आणू का होडी?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. या पाण्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती. खाली भिंत कुठे, पार कुठे, खोड कुठे, तिला काही माहीत नव्हतं, आणि कुणी तिला सांगितलंही नाही. तिने सुकाणू हातात घेतलं. होडी जुन्या गाडीवाटेच्या बरोबर मधून, लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे ठेवत, एकदाही न अडखळता आमच्या काठाला आली.

मी पाण्यावर लिहिलेलं एका अनोळखी माणसाने वाचलं होतं, अगदी बिनचूक. नोकरीत मला बढत्या मिळाल्या, निरोपाला नारळ-शाल मिळाली. पण त्या सकाळी होडी काठाला लागली तेव्हा मला जे वाटलं, ते आधी कधी वाटलं नव्हतं. उतरताना मुलगी मला म्हणाली, "एक सांगू का? शेवटच्या हिरव्याचं टोक जरा कललंय."

"माहितीये," मी म्हणालो. "तेच सरळ करायला निघालो होतो."

आता खालच्या अंगाचं एक गाव आम्हाला बोलावतं आहे. त्यांचंही जुनं गाव पाण्याखाली आहे, त्यांचीही होडी उन्हाळ्यात ठेचकाळते. पिंपं, रंग, टायर त्यांनी जमवलेत. आक्का तिथे काही सांगू शकत नाही, ते तिचं गाव नव्हे. जुन्या खुणा माहीत असलेलं कुणी आहे का, असं मी विचारलं, तर त्यांनी एक म्हातारे गृहस्थ आणून बसवले. आल्याआल्या त्यांनी काठाकडे बोट केलं आणि सांगितलं की वेशीची कमान कुठे होती ते त्यांना डोळे मिटून दाखवता येईल. त्यांच्या बायकोने मागून सांगितलं, "ह्यांचं ऐकू नका, कमान त्याच्या बी आलीकडं हुती."

सोमवारी सकाळी, वारा पडलेला असताना, आम्ही त्या दोघांनाही होडीत घेऊन जाणार आहोत.